भाची मिशनवर दक्षिण सुदानला निघाली आहे: तिथला रोजचा दिवस कसा असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाची नर्स आहे, एका धर्मभगिनींच्या संघात आहे आणि संघाने तिला दक्षिण सुदानला पाठवायचं ठरवलं आहे. आईवडील बातम्या बघून धास्तावले आहेत. तिथल्या मिशनऱ्यांचा दिवस कसा जातो, गोळीबार चालू असताना माणसं कामं कशी करतात, वेळ आली तर तिला निघता येईल का, असं विचारलं आहे. शिवाय घरातल्या एका काकांचा प्रश्न आहे, ‘तिकडे जाऊन शेवटी करतात काय, धर्मांतरच ना?’

मी वसईची. सिस्टर आहे, पेशाने नर्स आणि सुईण. दक्षिण सुदानात बरीच वर्षं काढली, आधी वाऊच्या बाजूला, मग जुबाजवळ. आता तिकडे निघालेल्या सिस्टरांची तयारी करून घेते. म्हणून जरा लांबण लावणार आहे. दोन वाक्यांत सांगितलं की घरचे एकतर उगाच घाबरतात, नाहीतर उगाच निर्धास्त होतात.

देशाची गोष्ट आधी उरकते. ९ जुलै २०११ला तो सुदानपासून वेगळा झाला. १५ डिसेंबर २०१३ला राजधानी जुबात राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या माणसांत लढाई पेटली आणि ती पसरत गेली. कीर डिंका, माचार नुएर, म्हणून बाहेरचे लोक याला दोन जमातींचं भांडण म्हणतात. पण त्यात तेल आहे, जमीन आहे, गुरं आहेत, पगार न मिळालेलं सैन्य आहे. २०१५चा शांतता करार जुलै २०१६मध्ये जुबातच मोडला. सप्टेंबर २०१८मध्ये दुसरा करार झाला, फेब्रुवारी २०२०मध्ये संयुक्त सरकार आलं, निवडणुका ढकलत ढकलत डिसेंबर २०२६वर गेल्या, आणि मार्च २०२५मध्ये माचार नजरकैदेत गेले. मध्येच एप्रिल २०२३मध्ये उत्तरेकडे सुदानात युद्ध सुरू झालं आणि दहा लाखांहून जास्त माणसं सीमा ओलांडून दक्षिण सुदानात आली. ‘तिथे युद्ध चालू आहे का?’ या प्रश्नाला म्हणूनच हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. एका जिल्ह्यात परीक्षा चालू असतात आणि शेजारच्या जिल्ह्यात गावं जळत असतात.

घरच्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. या अशांततेला ऋतू असतो. देशाचा मोठा भाग काळ्या चिकणमातीचा आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना ती माती सांगायला नको. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस पडतो आणि रस्ते बंद होतात. ट्रक रुतला तर आठवडाभर तिथेच. पण मग बंदूकवाल्यांचाही ट्रक रुततो. डिसेंबरपासून जमीन सुकते, वाटा मोकळ्या होतात, औषधं आणि डिझेल येतं, आणि त्याच वाटांनी गुरं पळवणाऱ्या टोळ्याही येतात. म्हणजे पावसाळ्यात सुरक्षितता जास्त आणि मलेरिया जास्त, कोरड्यात औषधं जास्त आणि भीती जास्त. मिशनचं वर्षाचं नियोजन यावर चालतं: एप्रिलअखेर सहा महिन्यांची औषधं, साबण, खडू, मीठ कोठारात हवं. नाताळ नेमका भीतीच्या दिवसांत येतो, तेव्हा मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती मुख्य उपासना, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळीच उरकून घेतात.

आता दिवस.

पहाटे पाचच्या सुमाराला पहिला आवाज येतो तो पंपाचा. मिशनच्या कुंपणालगत बहुधा हातपंप असतो आणि बायका-मुली पिवळे जेरीकॅन रांगेत मांडून उजाडायच्या आधीच उभ्या असतात. हा पंप म्हणजे इंडिया मार्क टू. दक्षिण सुदानात जागोजागी तोच दिसतो आणि त्याचं मूळ आपल्याकडचं आहे. साठच्या दशकात महाराष्ट्राच्या दुष्काळी भागात बोअर मारून देणाऱ्या मिशनच्या माणसांना ओतीव लोखंडाचे पंप सारखे मोडताना दिसायचे. त्यांनी पोलादाचा दणकट पंप बनवला, तो जालना पंप. त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप आला, आणि त्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने इंडिया मार्क टू बेतला. भाचीला जायच्या आधी एखाद्या मेकॅनिककडे नेऊन पंपाचे वॉशर कसे बदलतात ते दाखवा. चेष्टा करत नाही. बाळंतपण करणारी सिस्टर तिथे आहे म्हणून लोक आनंदतात, पंप दुरुस्त करणारी सिस्टर आहे म्हटल्यावर मानच देतात.

ती रांग आमचं वर्तमानपत्र असते. रांग नेहमीसारखी, बायका भांडतायत, पोरं एकमेकांवर पाणी उडवतायत, म्हणजे रात्र ठीक गेली. रांग छोटी असेल किंवा बायका गप्प असतील तर विचारायचं काय झालं. सैनिकांच्या बायका मुलाबाळांसह गाठोडी बांधून निघाल्या तर विचारायचीही गरज नसते, त्या दिवशी कुणीच कुठे जायचं नाही. बाजारातून परगावचे व्यापारी अचानक गायब होणं ही आणखी एक खूण. नव्या सिस्टरला मी पहिले तीन महिने एवढंच काम सांगते, की रोज सकाळी पंपावर दहा मिनिटं उभी राहा आणि भाषा शीक. जुबा अरबी पटकन येते. डिंका किंवा झांदे यायला वर्षं लागतात, पण तोडकंमोडकं बोललेलंही माणसं लक्षात ठेवतात.

सहाला प्रार्थना. फादर असतील तर मिस्सा, नसतील तर कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारा स्थानिक माणूस, प्रार्थना चालवतो, कारण एका धर्मग्रामाला (पॅरिशला) पन्नास-पन्नास मैलांवरची उपासनास्थळं जोडलेली असतात आणि फादर पावसाळ्यात तिकडेच अडकतात. मग काळा चहा, त्यात आपल्या चौपट साखर, आणि किस्रा. किस्रा म्हणजे आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची कागदासारखी पातळ आंबोळी समजा. दुपारी असिदा, म्हणजे ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड, सोबत कुद्राची बुळबुळीत पालेभाजी नाहीतर सुकवलेल्या भेंडीचं कालवण, त्यात शेंगदाण्याचा कूट. ज्वारी खाणाऱ्या घरातली मुलगी तिथे उपाशी राहत नाही. तांदळावर वाढलेल्या आम्हा वसईकरांनाच जड जातं.

चहाबरोबर रेडिओ. संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ मिराया आणि कॅथलिक चर्चचा बखिता रेडिओ या दोन्ही केंद्रांवर लोकांचा विश्वास आहे. सरकारचाही त्यांच्यावर बारीक डोळा असतो, २०१४च्या ऑगस्टमध्ये बखिता रेडिओ काही काळ बंदच केला होता. लांबच्या मिशनवर अजून लांब पल्ल्याच्या एचएफ वायरलेसचा सेट असतो, त्यावर ठरलेल्या वेळी सगळी ठिकाणं हजेरी देतात. मोबाइलचं नेटवर्क गडबड सुरू झाली की सगळ्यात आधी जातं, म्हणून तो जुना सेट कुणी टाकून देत नाही. अफवेबद्दल आमचा नियम: तीन वेगवेगळ्या माणसांकडून, आणि ती तिघं एकमेकांच्या नात्यातली नकोत.

आठ वाजता दवाखाना. खरं सांगायचं तर अशांत देशातला मिशनचा दवाखाना नव्वद टक्के साधाच असतो. ताप, जुलाब, गरोदर बायका, भाजलेली पोरं. जुलैपासून मलेरियाची लाट, बाकावर एका शेजारी एक फणफणलेली मुलं. दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी असते, घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, मग शेंगदाण्याच्या औषधी पेस्टची पाकिटं. फेब्रुवारी २०१७मध्ये युनिटी राज्याच्या काही भागांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला, तो पावसाने दगा दिल्यामुळे कमी आणि माणसांना शेतातून पळावं लागल्यामुळे जास्त होता. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत याचा नंबर लागतो, आणि त्यातल्या कितीतरी फक्त वेळेत पोचू शकल्या नाहीत म्हणून जातात. चांगलंही घडतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना नारू आठवत असेल, पायातून काडीवर गुंडाळत काढायचा तो जंत. भारत त्यातून २०००मध्ये मोकळा झाला. दक्षिण सुदानात २००६मध्ये त्याचे वीस हजारांवर रुग्ण होते, आता वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे काम युद्धाच्या काळातही थांबलं नाही, गावोगावच्या स्वयंसेवकांनी पाणी गाळायची फडकी वाटत फिरून केलं.

उरलेल्या दहा टक्क्यांत अशांतता दवाखान्यात शिरते. गुरांच्या छाप्यानंतर गोळी लागलेली पोरं येतात. दोन्ही बाजूंची येतात, कधी एकाच सकाळी. तेव्हा कामाला येतात ते आधीपासून पाळलेले नियम. फाटकावर बंदुकीवर काट मारलेलं चित्र असतं, हत्यार बाहेर ठेवल्याशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही, मग तो कर्नल असो. हे ओरडून सांगायचं नसतं. खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, नाव विचारायचं, मग सांगायचं. दुसरा नियम कागदाचा आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: रजिस्टरमध्ये जमातीचा रकाना ठेवायचा नाही. मदत देणाऱ्या काही संस्थांचे फॉर्म तो मागतात, आपण भरायचा नाही. आज आकडेवारी म्हणून लिहिलेली यादी उद्या कुणाच्या हातात पडेल हे सांगता येत नाही.

दुपारचा वेळ जातो पैशांच्या आणि डिझेलच्या हिशोबात. याबद्दल मिशनच्या मासिकांत कुणी लिहीत नाही, पण मुख्य सिस्टरचा अर्धा जीव यातच जातो. २०१५च्या डिसेंबरपर्यंत सरकारी दराने एका डॉलरला तीन दक्षिण सुदानी पौंड मिळायचे, आता हजारांत मिळतात. शिक्षकांचा पगार वाटायचा तर नोटा पोत्यातून आणाव्या लागल्या असे दिवस होते. बाजारात डॉलर घेतात तोही नवा, न दुमडलेला, जुन्या मालिकेची नोट परत हातात ठेवतात. सरकारी शाळांत महिनोन्महिने पगार होत नाही, म्हणून शिक्षक आपल्या शाळेकडे येतात, आणि आपल्याकडचे चांगले शिक्षक मोठ्या परदेशी संस्था डॉलरचा पगार दाखवून नेतात. त्यांचा राग धरता येत नाही, त्यांच्याही घरी सात-आठ तोंडं असतात.

प्रवास शक्यतो टाळायचा. जुबाहून युगांडाच्या सीमेवरच्या निमुलेपर्यंतचा सुमारे १९० किलोमीटरचा डांबरी रस्ता हा वर्षानुवर्षं देशातला एकमेव धड महामार्ग, आणि हल्लेही त्यावर झाले आहेत. १६ ऑगस्ट २०२१ला एका धर्मग्रामाचा शतकमहोत्सव आटोपून जुबाला परतणाऱ्या बसवर याच रस्त्यावर गोळीबार झाला, त्यात दोन स्थानिक सिस्टर गेल्या. रस्त्यात दोरी आडवी बांधलेली दिसली की चेकपोस्ट. वेग आधीच कमी करायचा, काच खाली, काळा चष्मा काढायचा, अंधारायला लागलं असेल तर गाडीतला दिवा लावायचा, हात दिसले पाहिजेत. सलाम करायचा, घरचं कसं काय विचारायचं. चहापाणी मागतात. आमच्या घराचा नियम होता की पाण्याची बाटली द्यायची, बिस्किटं द्यायची, पैसे नाही. सैनिकाला लिफ्ट नाही, कुणाची बंद पाकिटं पोचवायची नाहीत, फोटो काढायचा नाही. फोटोला तिथे परवानगी लागते आणि पुलाचा सेल्फी काढला म्हणून माणूस दिवसभर चौकीत बसू शकतो. दुपारी चारनंतर रस्त्यावर असायचं नाही. लांबचं अंतर छोट्या विमानाने जातात, धावपट्टी मातीची, उतरायच्या आधी पोरं तिच्यावरची गुरं हाकतात.

संध्याकाळी भेटीगाठी, आणि इथे मला थांबून बोलायचं आहे. बाहेरून येणाऱ्याला वाटतं की मिशनचं संरक्षण भिंत करते, किंवा संयुक्त राष्ट्रांचे सैनिक करतात. त्यांत आपल्या भारतीय तुकड्याही आहेत आणि नाताळला त्यांच्याकडून डाळ-पुरी आली की फार बरं वाटतं. पण रात्री दोनला फाटक वाजलं तर ते तिथे नसतात. आमचं संरक्षण शेजारी करतात, आणि शेजारी ते का करतील याचं उत्तर दिवसभरात आपण कुठे कुठे बसलो यात असतं. मयताला जाणं सगळ्यात महत्त्वाचं. डिंका घरात कुणी गेलं आणि सिस्टर येऊन झाडाखाली जमिनीवर तास-दीड तास नुसती बसून राहिली, तर ते घर विसरत नाही. मग कधीतरी पंपावर एखादी म्हातारी जेरीकॅन उचलता उचलता म्हणते, ‘आज बाजाराकडे नको जाऊस.’ कारण सांगत नाही. आपणही विचारायचं नाही, गाडीची चावी परत खुंटीला लावायची. तरुण सिस्टरांना हे बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं, त्यांना दवाखान्याचे आकडे वाढवायचे असतात. मी त्यांना सांगते की रोजची ओपीडी दहाने कमी झाली तर चालेल, मयत चुकवू नका.

तरी याला मर्यादा आहे. शेजाऱ्यांची माया ओळखीच्या हद्दीपर्यंत चालते. परगावाहून आलेली तुकडी, दारू प्यायलेला सैनिक, अंधारात घाबरलेला पोरगा, यांना आपण कोण ते माहीत नसतं. येई गावातल्या दवाखान्याच्या प्रमुख, स्लोव्हाकियाच्या सिस्टर व्हेरोनिका रात्री अडलेल्या बाईला दुसऱ्या रुग्णालयात पोचवून रुग्णवाहिकेने परत येत होत्या. १६ मे २०१६. रस्त्यावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी नैरोबीत त्या गेल्या. रुग्णवाहिका होती आणि गाव त्यांना ओळखत होतं. त्यानंतर प्रत्येक मिशनवर रात्री गाडी काढायची की नाही यावर चर्चा झाली, आणि सगळीकडे एकच उत्तर निघालं असं नाही. काहींनी रात्रीची गाडी पूर्ण बंद केली आणि गरोदर बायकांना शेवटच्या आठवड्यात दवाखान्याजवळच्या झोपडीत आणून ठेवायला सुरुवात केली. मला हा मार्ग पटतो. त्यात जागा, जेवण आणि घरच्यांची मनधरणी लागते, पण रात्रीचा निर्णय दिवसा घेतला जातो. दुसरं उदाहरण वेगळं आहे. एप्रिल २०२१मध्ये रुंबेकचे नियोजित बिशप ख्रिस्तियान कार्लास्सारे यांच्या घरात घुसून दोन्ही पायांवर गोळ्या घातल्या. त्या खटल्यात दोषी ठरलेल्यांत चर्चच्या आतली माणसंही होती. पाय बरे झाल्यावर ते परत आले आणि मार्च २०२२मध्ये रुंबेकमध्येच त्यांचा बिशपपदाचा दीक्षाविधी झाला. सगळा धोका बाहेरूनच येतो अशी समजूत भाचीने सोबत नेऊ नये एवढ्यासाठी हे सांगितलं.

गडबड खरोखर झाली की मिशनचा दिवस एका तासात बदलतो. जून २०१६मध्ये वाऊत लढाई झाली तेव्हा हजारो माणसं कॅथीड्रलच्या आवारात शिरली आणि नंतर कित्येक महिने तिथेच राहिली. अशा वेळी पहिल्या रात्री प्रवचन कुणाला नको असतं, संडास हवे असतात. सुरुवातीला पन्नास माणसांमागे एक, मग वीसमागे एक, बायकांचे वेगळे आणि उजेडात. माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी. चुलींची जागा गवतापासून लांब. आणि फाटकावर दोन म्हातारे, वेगवेगळ्या जमातींचे, जे हत्यार घेऊन कुणाला आत येऊ देणार नाहीत. आत आलेला तरुण लढून आलाय की पळून आलाय हे आपल्याला कळत नाही, त्या म्हाताऱ्यांना कळतं.

आता निघता येईल का? येईल, बहुतेक वेळा. प्रत्येक शहाण्या घरात हे शांत दिवसांत ठरवलेलं असतं: कोणती खूण दिसली की कोण निघणार, कुठल्या धावपट्टीवरून, औषधं आणि गाडीच्या चाव्या कुणाकडे द्यायच्या. आमच्याकडे प्रत्येक सिस्टर वर्षातून एकदा प्रमुखांशी एकटीने बोलते आणि राहायचं की निघायचं ते सांगते. आज्ञापालनाच्या व्रताचा आधार घेऊन ‘निघ’ असं सांगता येतं, ‘राहा’ असं नाही. भाचीच्या संघात काय रीत आहे ते तिने जायच्या आधी स्पष्ट विचारावं, यात श्रद्धा कमी पडल्यासारखं काही नाही. जुलै २०१६च्या लढाईनंतर भारत सरकारने ‘संकट मोचन’ मोहिमेत हवाई दलाची दोन मोठी विमानं जुबाला पाठवली. दीडशेच्या आसपास माणसं परतली. धंदा टाकून जाता येत नाही म्हणून काही भारतीय थांबले, आणि काही फादर-सिस्टरही थांबले. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. जी सिस्टर भीतीने गोठून गेली आहे ती थांबली तर बाकीच्यांना तिलाच सांभाळावं लागतं.

या निघण्यातला सगळ्यात कडू भाग मात्र कुणी बोलून दाखवत नाही. माझ्याकडे पासपोर्ट आहे, माझ्यासाठी विमान येतं. माझ्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या स्थानिक नर्ससाठी येत नाही. परत आल्यावर ती हसून स्वागत करते आणि पुढचे कितीतरी महिने आपल्यात एक अंतर राहतं. ते राहू द्यायचं. भेटवस्तू देऊन ते मिटत नाही, तिच्या वाटची एखादी रात्रपाळी आपण करून थोडंफार मिटतं.

काकांच्या प्रश्नाला आडवळणाने उत्तर देणार नाही. होय, श्रद्धा आहे म्हणूनच आम्ही जातो, ती घरी ठेवून जात नाही. पण दक्षिण सुदानात बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत, आणि ते आम्ही केलं असंही म्हणता येत नाही. १९६४मध्ये खार्टूमच्या, म्हणजे तेव्हाच्या अखंड सुदानच्या सरकारने दक्षिणेतल्या झाडून सगळ्या परदेशी मिशनऱ्यांना हाकललं. त्यानंतर आणि पुढच्या उत्तर-दक्षिण लांब युद्धाच्या काळात चर्च टिकलं आणि वाढलं ते स्थानिक कॅटेकिस्ट, बायका आणि मोजक्या स्थानिक धर्मगुरूंच्या हातून. आज बाहेरून गेलेल्यांचं काम बहुतेक शाळा, दवाखाने, नर्सेस आणि शिक्षकांचं प्रशिक्षण आणि समेटाच्या बैठका हेच आहे. मिशनऱ्यांची चूक काढायची तर मी दुसरीच काढेन. ब्रिटिशांच्या काळात दक्षिणेचे तुकडे पाडून एक भाग कॅथलिकांना, एक अँग्लिकनांना, एक अमेरिकन प्रेस्बिटेरियनांना वाटून दिला होता. त्यामुळे आजही पंथाचा नकाशा आणि जमातींचा नकाशा बऱ्याच ठिकाणी एकमेकांवर बसतो, आणि भांडणात ते जड जातं. चर्चनेच ते उसवायचा प्रयत्नही केला आहे. १९९९मध्ये वुनलित गावात चर्चच्या पुढाकाराने डिंका आणि नुएर प्रमुखांची मोठी शांतता परिषद झाली. तिथे बायबलवाचन झालं आणि पांढरा बैलही बळी दिला गेला, कारण तिथल्या लोकांच्या लेखी शपथ तशीच पक्की होते. बिशप पारिदे ताबान यांनी निवृत्तीनंतर कुरोनला शांतिग्राम उभारलं, एकमेकांची गुरं पळवणाऱ्या जमाती तिथे एका शाळेत, एका दवाखान्यात येतात. काकांनी याचं नाव काय ठेवायचं ते ठेवावं.

आता घरातल्या घरातलं. पाच सिस्टर, चार देशांच्या, एक स्वयंपाकघर, आणि संध्याकाळी सातनंतर बाहेर जाणं नाही. भांडणं होतात, बहुतेक बारीकसारीक गोष्टींवरून: कुणी सोलरची बॅटरी संपवली, कुणी भातात काय घातलं. गोळीबाराच्या रात्री एकमेकींना धरून बसणाऱ्या बायका तिसऱ्या दिवशी साबणावरून अबोला धरतात. थकव्याचं पहिलं लक्षण रडणं नसतं, रुग्णावर खेकसणं असतं. म्हणून सहा-आठ महिन्यांनी नैरोबी किंवा कंपालाला जाऊन झोप काढायची सक्ती हवी, ‘मला गरज नाही’ म्हणणारीला आधी पाठवायचं. रात्री गोळ्यांचा आवाज आला तर खिडकीशी जायचं नाही, दोन भिंतींच्या आड, बोळात किंवा न्हाणीघरात जमिनीवर पडायचं. एकतीस डिसेंबरला बारा वाजता मात्र सगळं गाव आनंदाने हवेत गोळ्या झाडतं, तेव्हाही आतच राहायचं, वर गेलेली गोळी पत्र्यातून खाली येते.

घरच्यांनी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. पिवळ्या तापाची लस आणि तिचं पिवळं कार्ड जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ती मुंबईत ठरावीक केंद्रांतच आणि नंबर लावून मिळते. कार्ड हरवलं तर सुट्टीवर परत येताना भारतातच विमानतळावरून सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. जुबात आपला दूतावास आहे, पोचल्याबरोबर तिथे नाव आणि नंबर नोंदवायला सांगा. तिचे मेसेज आणि फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नका, अगदी कौतुकाने सुद्धा. तिथल्या सरकारबद्दल तिने आईला लिहिलेलं एक वाक्य फिरत फिरत परत तिथे पोचतं आणि त्रास सगळ्या घराला होतो. फोन आठ दिवस लागला नाही तर आधी संघाच्या इथल्या कार्यालयात विचारा, टीव्ही नंतर लावा. आणि फोन लागला की ‘सुरक्षित आहेस ना?’ हे दर वेळी विचारू नका, ती हो म्हणेल आणि संभाषण तिथेच संपेल. आज कोण आलं होतं, पंप चालू आहे का, काय खाल्लं, हे विचारा. त्यातून सगळं कळतं.

सामानाचं म्हणाल तर आतल्या छोट्या विमानात वीस किलोच नेता येतं. चपला दोन जोड, हेडटॉर्च, चांगली मच्छरदाणी, चष्म्याची जादा जोडी, आणि घरचा मसाला, तो वजनाला हलका पडतो. लोणच्याची बरणी पाठवू नका, उन्हात झाकण उडतं.